न पेरलेले पीक

हुबळीहून नवलगुंदाकडे जाणाऱ्या रस्त्याने ज्येष्ठ सरता सरता जो कोणी गेला असेल, त्यास रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेली काळी जमीन व तीवर नुकत्याच उगवलेल्या मुगाच्या हिरव्या ओळी ठाऊक असतील. जरा थांबून पाहिले तर त्या ओळींच्या मधोमध, मुगाहून वीतभर उंच असे एखादे मक्याचे रोप, कोठे ज्वारीचे ताट, कोठे कपाशीची दोन पाने उभी दिसतात. ती कोणी पेरलेली नसतात. मागल्या हंगामात काढणीच्या वेळी जो दाणा भुईवर सांडला, जे कणीस पायाखाली तुडविले गेले, जी सरकी बोंडातून गळाली, तिचीच ही संतती होय. इंग्रज लोक अशा रोपास व्हॉलंटियर, म्हणजे स्वयंसेवक, म्हणतात. न बोलाविता येणे एवढेच साम्य लक्षात घेतले तर नाव बरे आहे; सेवा मात्र ते कोणाचीच करीत नाही. मराठीत त्यास एकच असा रूढ शब्द आम्हांस आढळला नाही, म्हणून या लेखापुरते आम्ही त्यास 'सांडीचे रोप' म्हणू.

वकिली करणाऱ्या माणसाने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे कारण असे, की काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक वृद्ध शेतकरी पिशवीत मक्याची पाचसात रोपे घालून आले. "वकीलसाहेब, हे बघा," म्हणून त्यांनी एका रोपाचा पोगा धरून ओढला, तो अलगद हाती आला. बुडाशी तो तपकिरी होऊन कुजला होता. शेजाऱ्याच्या मुगात मका उगवला होता, शेजाऱ्याने त्यावर गवत मारणारे औषध फवारले, वारा इकडचा होता, आणि बांधालगतच्या यांच्या मक्याच्या बारा ओळी गेल्या, अशी त्यांची तक्रार. शेजारी परका नव्हता, चुलतभाऊच होता. त्याचे म्हणणे असे, की मी माझ्या रानात माझ्या पैशाने औषध मारले, त्यात कोणाचे काय गेले? या साध्या दाव्याची कागदपत्रे चाळताना आम्ही मागे मागे जात राहिलो, आणि सांडलेल्या दाण्याचा हा इतिहास हाती लागला.

जुन्या शेतीत सांडीच्या रोपांचा एवढा उपद्रव नव्हता. याचे कारण शेतकरी अधिक दक्ष होता असे नव्हे, तर सांडलेल्या दाण्यास गिऱ्हाइके पुष्कळ होती हे होय. पीक निघाले की पहिल्याने सरवा वेचणाऱ्या बाया येत. मूग तेव्हा शेंगा तोडूनच घेत. हरभरा उपटून खळ्यावर नेत. मागे राहिलेली शेंग नि शेंग, कणीस नि कणीस गरिबाघरच्या पदरात जाई. आपल्या धर्मशास्त्रात तर शिलोंछ, म्हणजे कापलेल्या शेतातील कणसे व दाणे वेचून राहणे, ही ब्राह्मणाची सर्वांत शुद्ध उपजीविका मानली आहे. महाभारतातील सोनेरी मुंगुसाची कथा अशाच उंछवृत्तीने राहणाऱ्या कुरुक्षेत्रातील कुटुंबाची आहे. इंग्लंडात मात्र १७८८ साली स्टील विरुद्ध हॉटन या दाव्यात न्यायाधीशांनी बहुमताने निकाल दिला, की सरवा वेचण्याचा कोणासही कायदेशीर हक्क नाही. आपल्याकडे हा प्रश्न कोर्टापुढे नेण्याची कोणास गरज भासली नाही; हक्क म्हणा की रीत म्हणा, तो चालत आला व चालत चालत नाहीसा झाला.

सरव्यानंतर गुरे येत, आणि गुरांमागून मेंढरे. धनगर-कुरुबरांचे कळप रात्री रानात बसविण्याची जी चाल दख्खनभर आहे, ती आम्ही केवळ लेंडीखतासाठी समजत होतो. पण मेंढरू खत देण्यापूर्वी रान चरते; पडलेली शेंग, फुटलेला कोंभ, दोन पानांचे रोप, काहीच सोडत नाही. त्यावर उन्हाळ्यात नांगरट, वळवानंतर कुळवाची पाळी, पेरणीनंतर कोळपे. कोळपे ओळींच्या मधले काढी. ओळीतले राही, ते बाया खुरप्याने काढीत. कोळप्याच्या पातीस मूग आणि मका यांतला भेद कळत नाही, तिला फक्त ओळ कळते. ओळीच्या आतला भेद ओळखण्याचे काम डोळ्यांचे होते. म्हणूनच आमच्या मते निंदणारी बाई ही शेतातील खरी तज्ज्ञ. कोवळ्या उडदातून कोवळा मूग वेगळा काढणे आम्हांस जमत नाही. पुस्तके वाचलेल्या पुष्कळांस जमत नसावे.

धारवाडास या गोष्टीची किंमत पहिल्याने कळली ती कडधान्यात नव्हे, कापसात. १८४०च्या सुमारास कंपनी सरकारने अमेरिकेतून कापसाच्या लागवडीचे जाणकार मळेवाले आणविले. त्यांपैकी मर्सर नावाचे गृहस्थ आपल्या हुबळीजवळ कुसुगल येथे प्रयोगाची शेती करीत. कलेक्टर शॉ यांनी न्यू ऑर्लिन्सच्या बियाण्यास मोठे प्रोत्साहन दिले, आणि हिंदुस्थानात इतरत्र बहुतेक ठिकाणी फसलेला हा प्रयोग धारवाडच्या मातीत रुजला. हाच तो 'धारवाड-अमेरिकन' कापूस. त्याच्या शेजारी होता येथला जुना कापूस, ज्यास तो ज्या बंदरातून बाहेर जाई त्यावरून 'कुमठा' म्हणत. अमेरिकन कापसाची रुई सरकीस घट्ट चिकटलेली, तिला करवती चरक लागे. कुमठ्यास साधा लाट्याचा चरक पुरे. दोन जाती, दोन यंत्रे, दोन भाव. आणि रान मात्र एकच, आज यास तर उद्या त्यास.

मग व्हायचे तेच झाले. कुमठ्याच्या रानात अमेरिकन, अमेरिकनच्या रानात कुमठा उगवू लागला. चरकाशी सरकी मिसळली आणि तीच पुन्हा बियाणे म्हणून घरी आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे भाव गगनास भिडले, तेव्हा व्यापाऱ्यांनी मुद्दाम भेसळही केली, माती व सरकीही घातली. लिव्हरपूलहून ओरड झाली, आणि मुंबई सरकारने १८६३चा नववा कायदा केला. कापसात लबाडीने भेसळ करणे हा त्यान्वये गुन्हा ठरला. निरीक्षक नेमले, दाबखान्यांवर परवाने बसविले. कायद्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्यात एक मोठी फट होती, आणि ती वकिलाच्या नजरेस चटकन दिसते: ज्या गासडीत दोन जातींची रुई निघाली, ती व्यापाऱ्याने मिसळली की रानानेच मिसळून दिली? गासडी फोडून हे कळण्यास मार्ग नाही. लबाडीस हेतू लागतो, आणि सांडलेल्या सरकीस हेतू नसतो. या कायद्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी पुढे जी तक्रार चालविली ती मुख्यतः फीबद्दल व निरीक्षकांच्या जाचाबद्दल होती. १८७८ साली त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली, आणि तोही फार काळ टिकला नाही.

येथे आजच्या वनस्पतिशास्त्राने एक गोष्ट स्वच्छ केली आहे. कुमठा व अमेरिकन या कापसांच्या गुणसूत्रांची संख्याच भिन्न आहे, एकाची दुसऱ्याच्या दुप्पट. त्यांचा संकर सहजासहजी होत नाही. म्हणजे त्या काळी लोक ज्यास बियाण्याचा 'ऱ्हास' म्हणत, त्यातला पुष्कळसा भाग ऱ्हास नव्हताच, केवळ मिसळण होती. आणि मिसळण हाताने काढता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी धारवाडच्या सरकारी शेतावर कोट्टूर यांनी केले ते याच मार्गाने. कुमठ्यातून निवडून 'धारवाड नंबर १' आणि धारवाड-अमेरिकनमधून निवडून 'गदग नंबर १' अशी शुद्ध बियाणी निघाली. १९२३च्या कापूस वाहतूक कायद्याने हलका कापूस चांगल्या कापसाच्या मुलखात आणण्यास बंदी करता येऊ लागली. तरी शुद्ध बियाण्याच्या रानातून भेसळीची झाडे फुलण्याआधी उपटण्याचे काम तेव्हा बायांच्या हातांनी होई, आणि बीजोत्पादनाच्या रानात आजही तसेच होते.

आता औषधांकडे वळू. हिंदुस्थानात तण मारण्यासाठी रसायन वापरल्याचा पहिला प्रयोग म्हणून १९३७ सालचा पंजाबातील प्रयोग सांगतात: सोडियम आर्सेनाइट हे सोमलाच्या जातीचे विष, आणि शत्रू कोण, तर रानकरडई. आमच्या कुसुब्याची ही काटेरी बहीण. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत वनस्पतींच्या वाढीच्या द्रव्यांचा जो अभ्यास गुप्तपणे चालला होता, त्यातून टू-फोर-डी निघाले. हे औषध रुंद पानांच्या झाडास मारते आणि गवतवर्गास, म्हणजे गहू, ज्वारी, मका यांस सोडते. तृणधान्यवाल्यांस तो कल्पवृक्षच वाटला. पण घेवडा, मूग, हरभरा ही सारी रुंद पानांची कुळे. इतकी नाजूक, की प्रयोगशाळेत या द्रव्याची ताकद पाहावयाची तर घेवड्याच्या रोपावरच पाहत. कापूस तर त्याहूनही नाजूक. दूरच्या शेतातून उडालेल्या शिंतोड्यांनीही त्याची पाने बेडकाच्या पायासारखी चिरफाळतात. तणनाशकांच्या पहिल्या पिढीने कडधान्याच्या शेतकऱ्यास काहीच दिले नाही, उलट शेजारची भीती तेवढी दिली.

त्याची पाळी आली ती १९७०नंतरच्या दहापंधरा वर्षांत. डायक्लोफॉप, फ्लुअझिफॉप, सेथॉक्सिडिम, क्विझालोफॉप अशी जी औषधे एकामागून एक निघाली, त्यांचा न्याय उलटा होता. रोपास चरबीचे घटक तयार करण्यास जो एक विकर लागतो, तो गवतवर्गात एका घडणीचा व द्विदल वर्गात दुसऱ्या घडणीचा असतो. ही औषधे पहिल्यास अडवितात, दुसऱ्यास स्पर्श करीत नाहीत. म्हणून मुगात किंवा सोयाबीनमध्ये उगवलेला मका त्यांनी मरतो व मूग हिरवा राहतो. मरणही हळू येते. फवारल्यावर आठवडाभर मका धडधाकट दिसतो, मग पोगा पिवळा पडतो, आणि ओढला की हाती येतो. आमच्या अशिलाच्या पिशवीतील रोपे नेमकी हीच साक्ष देत होती. अडचण एवढीच, की लक्षण उमटेपर्यंत फवारणीचा दिवस, त्या दिवशीचा वारा आणि पंप उचलणारा गडी, यांतले काहीच पंचनाम्यास उरले नव्हते.

गोव्यातही हाच प्रश्न लहान प्रमाणावर आहे. भात निघाल्यावर खाजणाच्या व खेर जमिनीच्या ओलीवर जी चवळी घेतात, जिला कोकणीत आळसांदे व इकडे कन्नडात अलसंदे म्हणतात, तीत सांडलेले भात उगवते. भात हे गवत, चवळी द्विदल. औषधाला भेद कळतो. पण रोप जेव्हा आपल्याच वर्गाचे असते, तेव्हा काय? तुरीच्या रानात मागल्या सोयाबीनची रोपे, उडदात मूग, हरभऱ्यात करडई किंवा कपाशी, अशा ठिकाणी हे औषध मुके होते. पेरणीबरोबर मातीवर मारण्याचे पेंडिमेथॅलिन बारीक बियांच्या तणास रोखते; मक्याचा वा सोयाबीनचा टपोरा दाणा खोलवरून जोराने उगवतो, त्यास ते फारसे अडवीत नाही. इमेझेथापिर सोयाबीनला मानवते, ते सोयाबीनच्या सांडीच्या रोपासही मानवते. आपले व परके हा भेद त्यास कसा कळावा? रसायनास कूळ कळते, पेरणारा कोण ते कळत नाही.

हा केवळ कुतूहलाचा विषय असता तर आम्ही येथेच थांबलो असतो. पण सोयाबीनच्या बाबतीत सांडीच्या रोपाने या मुलखाचे मोठे नुकसान केले आहे. १९९०नंतर धारवाड, कलघटगी, बेळगाव या पट्ट्यात सोयाबीन झपाट्याने पसरले, आणि त्याच दशकात तांबेराही आला. या रोगाची बुरशी वाळल्या काडीवर जगत नाही. तिला हिरवे, जिवंत पानच लागते. कृष्णाकाठच्या ओलिताच्या मुलखात, जेथे उन्हाळ्यातही कोठे पेरलेले तर कोठे सांडीचे सोयाबीन हिरवे राहते, तेथे ती एका पावसाळ्यातून दुसऱ्या पावसाळ्यात सुखरूप जाते. बेळगाव जिल्ह्यातील उगार खुर्द येथे हा रोग इतका भरवशाने येतो, की १९८६ साली स्थापन झालेल्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाने नव्या वाणांची तांबेऱ्यापुढील परीक्षा तेथेच घेतली. तांबेऱ्यास दाद न देणारा 'डीएसबी २१' हा वाण याच विद्यापीठाचा. ब्राझीलमध्ये हाच रोग २००१ साली दिसला, आणि तेथल्या मातो ग्रोसो वगैरे प्रांतांनी २००६ साली कायदाच केला: वर्षातील ठरावीक दिवस कोणाच्याही रानात सोयाबीनचे एकही जिवंत रोप असता कामा नये, पेरलेले नाही आणि आपोआप उगवलेलेही नाही. असेल तर मालकाने ते नष्ट करावे, न केल्यास दंड. सांडीच्या रोपाबद्दल मालकास जबाबदार धरणारा याहून स्पष्ट कायदा आमच्या पाहण्यात नाही. आपल्याकडे तो चालेल काय? पाच-पन्नास हजार एकरांच्या मळ्यांस जे शक्य, ते दोन एकरवाल्यावर दंडाने लादणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. मात्र गावाने एकविचाराने रान मोकळे ठेवण्यास कोणाची आडकाठी आहे, हेही आम्हांस दिसत नाही.

मालकीचा प्रश्न जुना आहे. वाऱ्याने वा पुराने वाहून आलेले बी ज्याच्या शेतात रुजेल, त्याचे ते पीक, बी टाकणाऱ्याचे नव्हे, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे विषय संततीचा आहे, शेतीचा केवळ दृष्टान्त. पण दृष्टान्त तोच देतात जो सर्वांस मान्य असतो. या सर्वमान्य गोष्टीस कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली पाच विरुद्ध चार मतांनी निराळे वळण दिले. सास्कॅचेवान प्रांतातील पर्सी श्माइसर या शेतकऱ्याने १९९७ साली विजेच्या खांबांभोवती ग्लायफोसेट फवारले, तेव्हा मोहरीवर्गातील कनोलाची काही रोपे मेली नाहीत. ती मॉन्सॅन्टो कंपनीच्या पेटंट असलेल्या जनुकाची होती. त्या भागाचे बी त्याने राखले व पुढल्या वर्षी सुमारे हजार एकरांत पेरले. न्यायालयाने पेटंटाचा भंग झाला असे ठरविले, पण त्याने कंपनीस एक डॉलरही द्यावयाचा नाही असेही ठरविले. पुढे त्याच्या रानात ती रोपे पुन्हा उगवली, तेव्हा ती काढण्याचा ६६० डॉलरांचा खर्च २००८ साली कंपनीने त्यास दिला. सांडीचे रोप उपटण्याची मजुरी बियाण्याच्या मालकाने भरल्याचे हे उदाहरण आम्हांस निकालाहून अधिक मोलाचे वाटते. आपल्या २००१च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात नकळत हक्कभंग करणाऱ्या शेतकऱ्यास संरक्षण दिले आहे, ही समाधानाची गोष्ट. त्याची गरज पडणार नाही असे मात्र नाही; सरकारने संमती न दिलेली, ग्लायफोसेट पचविणारी कपाशी २०१७ साली अनेक राज्यांत आढळली, आणि तिची सरकी सांडायची ती सांडतेच.

औषधांच्या वापराबद्दलचा आपला कायदा १९६८चा. १९५८ साली केरळात पॅराथिऑनने दूषित झालेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसे दगावली, त्या अनर्थातून तो निघाला. नाव कीटकनाशकांचे असले तरी त्याच्या परिशिष्टात तणनाशकेही आहेत. कोणते औषध कोणत्या पिकावर, हे त्यान्वये ठरते. ग्लायफोसेट तर २०२२च्या अधिसूचनेने परवानाधारक फवारणी करणाऱ्यांखेरीज कोणी वापरू नये असे ठरले. बाजारात ते पाळले जाते की नाही, हे अमरगोळच्या मार्केट यार्डात बियाणे-औषधांच्या चौकशीस आलेला कोणताही शेतकरी सांगेल. पण शेजाऱ्याचे पीक गेले तर भरपाई किती, कोणी, कशी, याबद्दल हा कायदा मूक आहे. तेथे आम्हांस दिवाणी कोर्टाचा जुना रस्ता धरावा लागतो: निष्काळजीपणा, किंवा १८६८चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा तलाव फुटल्याचा निकाल, की आपल्या जागेत आणलेली घातक वस्तू निसटून दुसऱ्याचे नुकसान झाले तर आणणारा जबाबदार. औषधाच्या फवाऱ्यास हे तत्त्व लागू करता येते. बारा ओळींच्या मक्यासाठी ते लागू करण्यास किती वर्षे व किती खर्च लागेल, हे अशिलास सांगणे आमचे कर्तव्य होते, आणि ते आम्ही सांगितले.

दावा दाखल झाला नाही. दोघा भावांस आम्ही एकदा ऑफिसात बसविले. धाकट्याने प्रथम औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजीत आहे असे सांगितले, मग, काढणीच्या यंत्राने मका सांडला त्यात माझा काय दोष, असे विचारले, शेवटी, "अण्णा, निंदायला बाया मिळत नाहीत, मी तरी काय करू?" असे म्हणून गप्प बसला. हे तिसरे उत्तर खरे होते. यंत्र सांडते म्हणून औषध लागते. सरवा वेचणारी बाई आता हुबळीत बांधकामावर जाते, कारण तेथे रोज अधिक मिळतो, आणि त्याबद्दल तिला कोण नावे ठेवील? थोरल्याने चार पोती मका मागितला, धाकट्याने तीन देऊ केली, आणि साडेतीनवर तडजोड झाली. बांधालगत वारा पडल्याशिवाय फवारायचे नाही, आणि फवारायचे तर आदल्या दिवशी सांगायचे, एवढे आम्ही एका कागदावर मराठीत व कन्नडात लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. जाताना थोरल्याने पिशवीतली ती रोपे आमच्या ऑफिसाच्या कोपऱ्यात तशीच ठेवली. त्यांतील एका कणसास चारदोन दाणे धरले होते. ते आमच्या कारकुनाने मागील अंगणात टाकले, आणि पुढल्या मृगात तेथे एक मक्याचे रोप उगवले.